पिवळं घर अजून उभं आहे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांच्याही आधी माझ्या तोंडी आमच्या हायस्कूलमधल्या इंग्रजीच्या बाई येतात. आईला ह्याचं वाईट वाटत नाही. तीच म्हणते, "जन्माक घातलंय मी, पण माणसात हाडलो तो बाईंनी."

आमच्या वाडीतली शाळा सातवीपर्यंत. पुढे तालुक्याला जायचं तर पावसाळ्यात ओढ्यावरचा साकव पाण्याखाली जाई आणि एसटी पलीकडेच थांबे. बाईंनी वडिलांना हायस्कूलमध्ये बोलावून घेतलं आणि सांगितलं, मुलगा माझ्याकडे राहील. बाई एकट्या होत्या, लग्न केलं नव्हतं. तालुक्याच्या गावाच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी स्वतःच्या पगारातून चिऱ्याचं छोटं घर बांधलं होतं. पुढे पडवी, मधे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. त्या पडवीत बसून मी आठवी ते दहावी केली. पुढे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी वडील खिडकीपाशी जाऊन बोलायला घाबरत होते, तेव्हा रांगेत बाई उभ्या राहिल्या. आमच्या सगळ्या भावकीत पदवी मिळालेला मी पहिला. आज डब्लिनच्या दक्षिणेला, चेरीवूडमधल्या एका ऑफिसात बसून मी जे काही करतो, त्याचा पाया त्या पडवीत घातलेला आहे. हे मी विनय म्हणून लिहीत नाही, तसं आहे म्हणून लिहितो.

आणि तेच घर आता बाईंनी सोडायला हवं, हे त्यांना कोणी आणि कसं सांगायचं, एवढ्याच प्रश्नाची ही हकिकत आहे. ह्यात मी कोणाचंच नाव लिहिणार नाही. घरं ओळखू येऊ नयेत.

बाईंच्या घरामागच्या डोंगराच्या कमरेतून मध्यंतरी रस्ता रुंद केला. डोंगर उभा कापला आणि तसाच ठेवला. गेल्या पावसाळ्यात गुरं घेऊन सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, जाणाऱ्यांना वर एक लांब भेग दिसली. बाईंच्या परसातल्या झऱ्याला लाल पाणी यायला लागलं. परसातला फणस घराकडे झुकला. पाऊस संपला, दिवाळी झाली, तरी झऱ्याचं पाणी निवळलं नाही. माझे आईवडील आता तालुक्यातच, बाजाराजवळ राहतात. आई अधूनमधून बाईंकडे जाऊन येते. शिमगा झाल्यावर तिचा फोन आला.

"बाईंचा मागला दार आता लागना नाय," ती म्हणाली. "मी सांगलंय, तर म्हणतत लाकूड फुगला. तू सांग तेंका. तुझा ऐकतीत."

मी त्या रविवारी बाईंना फोन केला. तब्येत, गुडघे, आंब्याचा मोहोर, सगळं झालं. मग मी म्हटलं, "बाई, मागच्या डोंगराबद्दल जरा बोलायचं होतं."

"काय बोलायचंय?"

"म्हणजे पावसाळ्यात जर काही..."

"थांब," बाई म्हणाल्या. वर्गात थांबवायच्या तसंच. "घराबद्दल अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते, हे तुला मी सांगायला हवं का?"

"बाई, मी कुठे घरात आहे? मी आयर्लंडमध्ये आहे."

"तुझा आवाज घरात आहे ना? मग झालं तर."

बाईंनी आयुष्यभर व्याकरण शिकवलं, विज्ञान प्रदर्शनं भरवली, ग्रहणात आम्हाला बाहेर काढून सूर्य दाखवला. अंगात येणाऱ्या बायकांना त्या तोंडावर हसायच्या. पण घराच्या बाबतीत त्यांचा हा एक नेम होता आणि तो आमच्याकडे सगळ्यांचाच असतो. माझ्याही. पुढचं वाक्य माझ्याही तोंडून निघालं नाही. आम्ही पुन्हा मोहोरावर बोललो आणि फोन ठेवला.

मी डून लेरीत राहतो. समुद्राकाठचं गाव, इथून लोक डार्ट नावाच्या लोकलनं शहरात कामाला जातात. मी उलट्या दिशेला, बसनं चेरीवूडला जातो. इथे खोली मिळणं किती अवघड आहे हे आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. मला मिळाली ती वाळक्या माशामुळे.

घरमालक नॉर्वेचे. वय ऐंशीच्या पुढे, उंच, पाठीत थोडे वाकलेले. घर त्यांच्या आयरिश बायकोचं, ती वारली होती. मी खोली बघायला गेलो तेव्हा दार उघडताच एक वास आला आणि मला एकदम आमच्या बंदराची आठवण झाली. माझ्या आधीचे सगळे म्हणे ह्या वासानंच दारातून परत गेले होते. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इकडे प्रेस म्हणतात. त्यांनी प्रेस उघडून लाकडाच्या ओंडक्यासारखा एक मासा काढला, पायरीवर ठेवून हातोडीनं ठेचला आणि त्याचे तंतू माझ्यापुढे धरले. मी खाल्ले.

"आमच्याकडे बोंबील असेच काठ्यांवर वाळत घालतात," मी म्हटलं. "तुमच्याकडे थंडी वाळवते, आमच्याकडे ऊन."

"आणि चांगला कुठला, वाईट कुठला, ते कोण ठरवतं?"

"आई. वास घेऊन."

"ग्रँड," ते म्हणाले आणि मला किल्ली दिली. ग्रँड हा शब्द त्यांनी बायकोकडून घेतला होता. इथे कशालाही ग्रँड म्हणतात. पाय मोडला तरी माणूस ग्रँड असतो.

हे सद्गृहस्थ आयुष्यभर वाळक्या माशांचे व्यापारी होते, असं मी आईला सांगितलं तेव्हापासून आमच्या घरी त्यांचं नाव शेठ पडलं. मी त्यांच्या तोंडावर त्यांना नावानं हाक मारतो, इथली पद्धत तशी आहे, पण मनात ते शेठच आहेत.

शेठचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यानं कळलं, बंदराच्या लांब धक्क्यावर फिरताना. नॉर्वेच्या पार उत्तरेला, खाडी आणि चढ ह्यांच्या मधल्या पट्टीत त्यांचं गाव. वडिलांचा धंदा त्यांनी पुढे चालवला. होड्यांकडून कॉड मासा घ्यायचा, हिवाळाभर लाकडी मांडवांवर टांगून ठेवायचा, वाळला की बोटीनं परदेशी पाठवायचा. त्यांनी एक नवी रीत पाडली. त्यांच्या धक्क्यावर एक काळा फळा होता. रोज सकाळी त्या दिवसाचा भाव ते स्वतः खडूनं त्यावर लिहीत. मोठी होडी असो, लहान असो, ओळखीचा असो, उधारीचा असो, भाव तोच. कानात सांगायचा वेगळा भाव नाही.

"लोक माझ्यावर विश्वास ठेवू लागले ते त्या फळ्यामुळे," शेठ सांगत. त्याच विश्वासावर ते गावचे महापौर झाले. तिथे छोट्या गावालाही महापौर असतो, आपल्याकडच्या नगराध्यक्षासारखा. पुढे एक मुदत ते राजधानीत संसदेतही बसून आले, मग पुन्हा गावात महापौर.

"संसदेत मी मुदतभर बोलत होतो, कोणी ऐकलं नाही," ते एकदा म्हणाले. "गावात एकदाच बोललो. सगळ्यांनी ऐकलं."

ते काय बोलले होते, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. मला एवढंच कळलं की त्यानंतर ते निवडणूक हरले, धंदा विकला आणि बायकोला तिच्या गावी यायचं होतं म्हणून दोघं डून लेरीला आले.

बाकीचं भिंतीवर होतं. जेवणाच्या टेबलामागे एकाच पिवळ्या लाकडी घराचे फोटो ओळीनं लावलेले. प्रत्येक फोटोत घरासमोर एकच माणूस उभा, हाताची घडी घालून, हसत. एकेका फोटोत तो म्हातारा होत गेलेला. घर मात्र दर वेळी नवा रंग दिल्यासारखं. मी विचारलं, हे तुमचं घर का?

"नाही. मित्राचं. दर वसंतात बर्फ वितळून गेलं की तो हा फोटो पाठवतो."

"काही लिहीत नाही?"

"लिहायला कशाला हवं? घर अजून उभं आहे, एवढंच सांगायचं असतं त्याला."

ते हे हसून म्हणाले. उभं आहे म्हणून फोटो पाठवावा लागतो, असं कुठलं घर असतं?

त्याचं उत्तर त्यांनी मला दह्यावर समजावलं. मी घरी दही विरजतो. एका सकाळी शेठनी माझं वाडगं हातात घेतलं आणि तिरकं केलं. दही जागचं हललं नाही. मग त्यांनी चमच्यानं ते एकदाच ढवळलं. ते पातळ झालं आणि वाडग्याच्या काठावरून टेबलावर आलं. त्यांच्या गावाखालची माती अशी आहे. फार पूर्वी ती समुद्राचा तळ होती. तिच्यातलं मीठ पावसाच्या पाण्यानं हळूहळू धुऊन गेलं. वरून घट्ट, त्यावर घरं, झाडं, शाळा. पण कुठे काही ढळलं, कुठे पाणी जास्त मुरलं, की ती वाहू लागते, घरांसकट. महापौर असताना शेठच्या टेबलावर ह्याचा अहवाल आला होता. धोक्याच्या जागेत पिवळं घर होतं.

तेव्हापासून मी पाहायला लागलो. फेब्रुवारीपर्यंत शेठ खुशीत असत. मार्च लागला की रोज सकाळी त्यांच्या गावचं तापमान बघत. ते शून्याच्या वर गेलं की त्यांचं जेवण कमी होई. बाहेर डून लेरीच्या बंदरात शिडाच्या होड्या डुलत असत, लोक कुत्री घेऊन फिरत असत, आणि हा माणूस हजारभर मैलांवरच्या वितळणाऱ्या बर्फाकडे कान देऊन बसलेला असे. मला त्यांच्या घरात वावरताना पाय हलके टाकावेसे वाटत.

ऑफिसात माझा एक नागपूरचा सहकारी आहे. त्याला मी हे सांगितलं ती चूक झाली. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्या माणसाला इथे युअर मॅन म्हणतात, तो शब्द त्यानं उचलला होता. रोज कॉफीच्या वेळी तो विचारी, "काय बे, तुझा युअर मॅन काय म्हणते? आज कोणता डोंगर पाडला त्यानं?"

"पडला नाही अजून."

"मग म्हातारा खोटाच ना बे. इतकी वर्षं झाली. आमच्याकडे ज्योतिषी इतके दिवस टिकत नाही."

मी हसलो. पण शेठही स्वतःला हेच म्हणतात, हे मी त्याला सांगितलं नाही. ते म्हणत, "मी मूर्ख ठरूनच मरावं अशी मी रोज इच्छा करतो."

ह्या वर्षी फोटो आला नाही.

त्यांच्या गावचं बर्फ गेलं असणार, कारण तापमान वर गेलेलं होतं. पोस्टमन येई, दाराच्या फटीतून कागद पडत, शेठ ते उचलून बघत आणि टेबलावर ठेवत. "मी इंटरनेटवर बघू का?" मी विचारलं. "काही झालं असेल तर बातमी असेल."

"नको."

"फोन करा ना मग त्यांना."

"नको," ते म्हणाले. "अजून टपालाची वेळ आहे."

त्याच दिवसांत आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाईंच्या सत्काराचं ठरत होतं. बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. शाळेच्या सभागृहात स्टेज, शाल, श्रीफळ, मानपत्र. मी ग्रुपवर बाईंच्या घराचा विषय काढला. माझ्या आईवडिलांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, बाईंनी तिथे राहायला यावं, पण त्या ऐकत नाहीत. ग्रुप चालवणाऱ्यानं लगेच तोड काढली. तो आता तालुक्यात ठेकेदार आहे. त्यानं आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "एकदम सोपं आहे. सत्काराच्या शेवटी तू पडद्यावर यायचं. परदेशातला विद्यार्थी म्हटल्यावर सगळे कान देणार. तू जाहीर विनंती करायची, बाई, डोंगर धोक्याचा आहे, आमच्याकडे चला. आम्ही सगळे टाळ्या वाजवणार. भर सभेत बाई नाही म्हणूच शकत नाहीत."

सगळ्यांनी अंगठे पाठवले. मलाही हायसं वाटलं. सभागृह म्हणजे काही बाईंचं घर नव्हे, तिथे बोलायला हरकत नाही. शिवाय एकट्यानं बोलायचं नव्हतं, सगळे पाठीशी होते. मी भाषण लिहिलं आणि शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्यानं म्हणायला लागलो. शेठ आत आले आणि टेबलाशी बसून ऐकत राहिले. त्यांना मराठी येत नाही, पण भाषण म्हणजे काय ते त्यांना कळत होतं.

"कोणत्या निवडणुकीला उभा आहेस?"

मी त्यांना सगळं सांगितलं. बाई, घर, भेग, लाल पाणी, न लागणारं दार, सत्कार. ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "सभागृहात किती लोक असतील?"

"भरलेलं असेल. अख्खी शाळाच म्हणा."

"आणि ती कुठे बसलेली असेल?"

"स्टेजवर, मधल्या खुर्चीत."

शेठ उठले आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. त्यांनी मग जे सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमानं लिहितो.

अहवाल हातात आला तेव्हा त्यांनी तो फळ्यावरच्या भावासारखा मानला. एकाच वेळी सगळ्यांना सांगायचं, कोणाला आधी नाही, कोणाला नंतर नाही. ही त्यांची आयुष्यभराची सचोटी होती. त्यांनी गावसभा बोलावली, भिंतीवर नकाशा लावला आणि ज्या घरांना धोका होता ती लाल पेन्सिलनं रंगवली. पिवळ्या घराचा मालक, त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, पहिल्या रांगेत बसला होता. आपलं घर लाल होताना त्यानं सगळ्यांबरोबर पाहिलं. मग मित्र उठला आणि म्हणाला, "तुझ्या धक्क्याला अजून किती जागा लागते, ते सांग ना सरळ."

ती घरं शेठच्या धक्क्याच्या नेमकी मागे होती आणि पूर्वी एकदा त्यांनी तिथली जागा खरंच मागितली होती. सगळी सभा हसली. मित्रही हसला. त्या हसण्यात अहवाल वाहून गेला, महापौरपद गेलं. आणि पहिला फोटो पुढच्याच वसंतात आला.

"तुमचं म्हणणं खरं होतं ना पण?" मी विचारलं.

"भाव खरा होता," शेठ म्हणाले. "फळा चुकला."

मला ते पूर्ण पटलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे मोठ्या माणसाला एकट्यानं असं काही सांगणं उद्धटपणा ठरतो. दहा जणांनी मिळून सांगितलं की ती विनंती होते. मी भाषण घडी करून खिशात ठेवलं, फाडलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात, मी घरून काम करत होतो त्या दुपारी, फोन वाजला. शेठनी तो घेतला आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले. पिवळ्या घराच्या मालकाची मुलगी बोलत होती, हे मला नंतर कळलं. वडील हिवाळा सरतासरता बर्फावर घसरून पडले, इस्पितळात काही दिवस होते आणि तिथेच गेले. घराला काही झालं नव्हतं. घर उभं होतं. ती आता नवरा आणि दोन मुलांना घेऊन तिथे राहायला येणार होती, सामानही लावत होती.

मी चहा ठेवला होता. मला नॉर्वेजियन कळत नाही, पण शेठचा आवाज मधेच बदलला. त्यांनी एक छोटा प्रश्न विचारला आणि मग काहीतरी करायला सांगितलं. पलीकडे बहुधा ती चालत होती, कारण शेठ वाट बघत होते. भिंतीला हात टेकून, डोळे मिटून. मग ते सावकाश, एकेक वाक्य ठेवत बोलले. चहा उकळून ओतू गेला तरी मी गॅसकडे गेलो नाही.

फोन ठेवून ते टेबलाशी बसले.

"मी तिला आधी विचारलं, घरात आहेस का," ते म्हणाले. "म्हटलं, बाहेर पड, खाडीपर्यंत चालत जा, मग बोलतो. घरात बसलेल्या माणसाला घराबद्दल काही ऐकू येत नाही."

वास्तूबद्दल आमच्यात काय म्हणतात, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, बाबांनी सांगून ठेवलं होतं की तुम्ही हे सांगाल." शेठनी फोटोतल्या मित्राकडे बोट दाखवलं. "अहवाल त्यानं वाचला होता. त्याच वर्षी, शांतपणे, अथपासून इतिपर्यंत. त्याला तो पटला होता. पण मी भर सभेत त्याच्यावर हसलो आहे, आता घर कसं सोडू, असं तो बायकोला म्हणाला होता. तो सभेच्या आधी आमच्याकडे आला असता तर गेलो असतो, असंही. दर वसंतात फोटो काढायच्या आधी तो घराला एक फेरी मारायचा. जोत्याला हात लावून बघायचा."

भिंतीवरच्या फोटोंकडे मला बघवेना. प्रत्येक फोटोत त्या हसणाऱ्या माणसाच्या हातांची घडी घट्ट होती.

"मग ती घर सोडेल का आता?"

"विचार करते म्हणाली. मुलांच्या शाळेचं बघावं लागेल म्हणाली." शेठ उठले, गॅस बंद केला. "तिकडे आज पाऊस आहे."

मी खोलीत गेलो आणि ग्रुपच्या ठेकेदाराला फोन लावला.

"सत्काराला मी बोलेन, पण घराबद्दल बोलणार नाही," मी त्याला सांगितलं. "आणि तुम्हीही कोणी बोलू नका."

"अरे, सगळं ठरलंय! मग बाईंना सांगणार कोण? तू?"

"मी."

"तू? शाळेत त्यांच्यासमोर तुझ्या तोंडून पाणी मागायला शब्द फुटत नव्हता. आणि उद्या डोंगर काही पडला नाही, तर बाई आयुष्यभर तुझं तोंड बघायच्या नाहीत. सगळ्यांचं मिळून असलेलं बरं."

"तेच तर नकोय," मी म्हटलं.

तो चिडला. आडमुठा आहेस, परदेशात जाऊन शहाणा झालास, असं काहीबाही बोलून त्यानं शेवटी कबूल केलं.

फोन करून उपयोग नव्हता, माझा आवाज त्यांच्या घरात गेला असता. मी पत्र लिहायला बसलो. बाईंना मी शेवटचं पत्र कॉलेजच्या वसतिगृहातून लिहिलं होतं, त्यात त्यांनी लाल शाईनं दुरुस्त्या करून ते मला परत पाठवलं होतं. हे पत्र मी आईच्या पत्त्यावर पाठवलं. बाई रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर फिरायला जातात, तिथे नेऊन त्यांच्या हातात दे, बरोबर कोणी नसेल तेव्हाच दे, असं आईला फोनवर सांगितलं. आईनं का म्हणून विचारलं नाही. पत्र हे असं होतं.

बाई,

हे मैदानावरच्या बाकावर बसून वाचा. घरी नेऊ नका. वाचून झालं की आईकडे परत द्या.

वर मायना लिहिलेला नाही. साष्टांग नमस्कार लिहिला असता तर माझ्या हातून पुढचं लिहून झालं नसतं. त्याचे गुण कापा.

तुमच्या मागचा डोंगर खाली येईल, असं मला वाटतं. कधी, ते मला सांगता येत नाही, कोणालाच येणार नाही. ह्या पावसात येईल किंवा आणखी दहा पावसाळे येणार नाही. पण सड्यावरची भेग, झऱ्याचं लाल पाणी, कललेला फणस आणि मागचं दार ह्यांना वेगवेगळी कारणं नाहीत. कारण एकच आहे. लाकूड उन्हाळ्यात फुगत नाही. हे तुम्हाला माझ्याआधी कळलं असणार. तुम्ही मला फोनवर थांबवलंत तेव्हा तुमचा आवाज नेहमीपेक्षा जलद होता.

हे मी दुसऱ्या कोणापाशी बोलणार नाही. सत्काराच्या दिवशी पडद्यावर मी फक्त तुमच्या शिकवण्याबद्दल बोलेन आणि बाकीच्यांनीही तसं कबूल केलं आहे. तुम्ही घर सोडलंत तर लोकांना काय कारण सांगायचं ते तुम्ही ठरवा. गुडघे दुखतात म्हणा, बाजार जवळ पडतो म्हणा. आईला सोबत हवी होती म्हणा, ती हो म्हणेल. डोंगराचं नाव कोणी काढणार नाही.

त्या घरानं मला माणूस केलं. त्याच्याबद्दल असं लिहिताना मला बरं वाटत नाही. पण घर तुम्ही बांधलंत, घरानं तुम्हाला बांधलेलं नाही.

मी खोटा ठरलो तर तुमच्यासमोर सगळ्यांदेखत कान धरून उभा राहीन. मला खोटंच ठरायचं आहे. तुम्ही रागावून माझ्याशी बोलणं सोडलंत तर ते मला सोसेल असं नाही, पण मी सोसेन. बाजाराजवळच्या घरात राहून तुम्ही माझ्याशी अबोला धरलात, तरी डोंगराखाली राहून माझ्याशी मोहोरावर गोड बोलण्यापेक्षा मला ते बरं.

वरच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे आणि जिना बुटक्या पायऱ्यांचा आहे, वडिलांनी तुमच्या गुडघ्यांचा विचार करून कठडा लावून घेतला आहे. सगळं सामान एकदम हलवू नका, लोक विचारतील. पुस्तकं आधी येऊ देत, मग कपडे. शेवटी तुम्ही.

मृगाच्या आधी या. उत्तर लिहीत बसू नका. या.